पाच वर्षांच्या बोलीवरचा पंखा

कारखान्याला ज्याचं नाव मिळालं, तो माणूस इंजिनिअर नव्हता आणि कारखानदारही नव्हता. जॉन वेस्ली एमर्सन हा अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला वकील, काही काळ न्यायाधीश. यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूने लढला, कर्नल झाला, आणि पुढे जनरल ग्रँट यांच्या पश्चिमेकडच्या मोहिमांवर त्याने लिहिलंही. 1890 मध्ये सेंट लुईस शहरात ‘एमर्सन इलेक्ट्रिक मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ नोंदवली गेली तेव्हा मुख्य पैसा त्याचा होता. पेटंट मात्र चार्ल्स आणि अलेक्झांडर मेस्टन या स्कॉटलंडहून आलेल्या दोघा भावांचं. अल्टरनेटिंग करंटवर, म्हणजे एसीवर, भरवशाने चालणारी छोटी मोटर आपण बनवू शकतो, हे त्यांचं भांडवल. एमर्सनचा कंपनीशी संबंध फार वर्षं टिकला नाही. नाव तेवढं राहिलं, आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी ते चालू आहे.

काळ मोठा धामधुमीचा होता. घरोघर जाणारी वीज डीसी असावी की एसी, यावरून एडिसन आणि वेस्टिंगहाउस यांच्यात उघड झुंज लागली होती. एसी तारांमधून लांबवर नेता येत होती, दिवे त्यावर उत्तम लागत होते, पण मोटर चालवायची म्हटलं की पंचाईत. निकोला टेस्ला यांना एसी मोटरची पेटंटं 1888 मध्ये मिळाली खरी, पण त्यांची मोटर सर्वांत चांगली चालायची ती एकाहून अधिक फेजच्या विजेवर. घरात आणि दुकानात येणारी वीज होती सिंगल फेज. सिंगल फेजवरची मोटर एकदा फिरायला लागली की फिरत राहते, मात्र आपली आपण सुरू होत नाही. छतावरच्या पंख्याचा कंडेन्सर गेला की काय होतं, हे आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. पंखा नुसता गुणगुणतो, आणि काठीने पात्याला ढकलला की गरगर फिरायला लागतो. ही ढकलण्याची युक्ती मोटरच्या आतच बसवायची, हा त्या काळातल्या छोट्या मोटरवाल्यांपुढचा मुख्य प्रश्न होता. मेस्टन बंधूंचं सगळं लक्ष तिथे होतं.

मोटर तयार झाली, पण विकायची कुणाला? नुसती मोटर कुणी घरी नेत नाही.

1892 मध्ये एमर्सनने पंखे विकायला सुरुवात केली. अमेरिकेत विजेचा पंखा पहिल्यांदा आपणच विकला, असं कंपनीच्या इतिहासात अभिमानाने सांगितलं जातं. ते जसंच्या तसं घेता येत नाही. स्कायलर व्हीलर या न्यूयॉर्कच्या इंजिनिअरने टेबलावर ठेवायचा दोन पात्यांचा पंखा 1880च्या दशकातच आणला होता. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीत काम केलेला फिलिप डील हा जर्मन कारागीर त्याच सुमाराला शिवणयंत्राच्या मोटरला पाती जोडून ती छताला टांगण्याच्या खटपटीत होता. त्याच्याही आधी छतावरचे पंखे पाण्याच्या जोरावर आणि लांबलचक पट्ट्यांवर फिरत होतेच. एमर्सनचं श्रेय वेगळं आहे. जी वीज शहरात आली होती त्या विजेवर चालणारा, सामान्य दुकानदाराला सांभाळता येईल असा पंखा या कंपनीने सातत्याने बनवला आणि त्याचा धंदा उभा केला.

सातत्य म्हणणं सोपं आहे, राखणं अवघड होतं, कारण ‘शहरातली वीज’ अशी एकच गोष्ट तेव्हा नव्हती. एका गावात सेकंदाला 133 सायकलची एसी, दुसऱ्या गावात 60 सायकलची, तिसऱ्या गावात डीसी. व्होल्टेजही ज्याचं त्याचं. त्या काळातल्या पंख्यांच्या पितळी पट्टीवर ‘16,000 आल्टरनेशन्स’ किंवा ‘7,200 आल्टरनेशन्स’ असे आकडे कोरलेले आढळतात. विजेची दिशा मिनिटाला किती वेळा उलटते, त्याची ती मोजणी. 16,000 म्हणजे 133 सायकल, 7,200 म्हणजे 60. गाव बदललं की पंखा निकामी ठरू शकत होता. कारखान्याला एकाच नमुन्याचे अनेक अवतार तयार ठेवावे लागत.

अशा गोंधळावर तोडगा काढण्याची एक सुरुवातही, योगायोगाने, सेंट लुईसमध्येच झाली. 1904 च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने तिथे आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद भरली. विजेच्या यंत्रांची परिभाषा आणि मापं जगभर एकसारखी करायला हवीत, असा आग्रह तिथे मांडणारा माणूस होता इंग्लंडचा कर्नल आर. ई. बी. क्रॉम्प्टन. तरुणपणी तो ब्रिटिश फौजेतून हिंदुस्थानात आला होता आणि इथल्या रस्त्यांवर वाफेच्या इंजिनांनी मालगाड्या ओढण्याचे प्रयोग करत होता. सेंट लुईसच्या त्या चर्चेतून 1906 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग स्थापन झाला. लॉर्ड केल्विन त्याचे पहिले अध्यक्ष, क्रॉम्प्टन मानद सचिव. मुंबई, गोवा आणि महाराष्ट्रभरच्या छतांवर ज्याचं नाव फिरताना दिसतं तो क्रॉम्प्टन हाच.

पंख्याला गिऱ्हाईक मिळायला आणखी एक कारण होतं. वीजकंपन्यांची जनित्रं संध्याकाळी दिवे लागले की कामाला लागत आणि दिवसा जवळजवळ रिकामी राहत. उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की दिव्यांचा खप आणखी घटे. भर दुपारी, भर उन्हाळ्यात वीज खाणारं एखादं उपकरण त्यांना हवंच होतं. पंखा त्या हिशेबात चपखल बसला. मिसिसिपीच्या काठचा सेंट लुईसचा उन्हाळा दमट, मुंबईकराला ओळखीचा वाटेल असा. उपाहारगृहं, न्हाव्याची दुकानं, हॉटेलं, कचेऱ्या ही पहिली गिऱ्हाइकं. घरात पंखा शिरला तो नंतर, आणि आधी श्रीमंतांच्या.

स्पर्धा मात्र सारखी नव्हती. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस हे दोन बलाढ्य कारखाने जनित्रांपासून दिव्यांपर्यंत सगळं बनवत. पंखा हा त्यांच्या पसाऱ्यातला एक बारका माल. एमर्सनकडे जनित्र नव्हतं, दिवा नव्हता, तारांचं जाळं नव्हतं. छोटी मोटर हीच तिची रोजीरोटी. तेव्हा टिकाऊपणा हा एकच मुद्दा हाती होता, आणि कंपनीने तो जाहिरातीत असा उतरवला की पुढे पिढ्यान् पिढ्या लोक तिला त्याच ओळखीने सांगू लागले: पाच वर्षांच्या हमीचा पंखा.

पाच वर्षं ही तेव्हा भलती बोली होती. वाइंडिंगवरचं वेष्टण कापसाच्या सुताचं आणि लाखेचं. बेअरिंगला तेल देण्याचं काम गिऱ्हाइकाच्या लक्षात राहील तेव्हा. वीजपुरवठा कधी मंद, कधी जोरदार. अशा अवस्थेत पाच वर्षांची जबाबदारी घ्यायची तर माल तसाच भक्कम हवा. म्हणून एमर्सनचे जुने पंखे उचलून पाहणाऱ्याचा हात खाली येतो. बैठक बिडाची, मोटरचं आवरण बिडाचं, त्यावर काळं चकचकीत इनॅमल, पाती पितळेची, जाळीही पितळेची. जाळी अशी विरळ की मुलांची बोटं सहज आत जावीत. त्या काळी सुरक्षेची कल्पनाच तेवढी होती.

पात्यांच्या आकारावर कंपनीने विशेष मेहनत घेतली. हर्बर्ट पार्कर हे कंपनीच्या पहिल्या पिढीतल्या कारभाऱ्यांपैकी एक, आणि त्यांच्या नावाचं ‘पार्कर पातं’ एमर्सनची ओळख बनलं. रुंद, गोलाकार, एकावर एक किंचित चढल्यासारखी दिसणारी पितळी पाती कमी वेगातही भरपूर हवा देत. मान डावीकडून उजवीकडे हलवणारे पंखे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आले, तेव्हा एकाच पंख्याने अख्ख्या खोलीचं काम होऊ लागलं.

पंख्याच्या धंद्याला एक उपजत खोड आहे. तो ऋतूचा धंदा आहे. उन्हाळ्यात माल पुरत नाही, हिवाळ्यात कारागीर बसून राहतात. एमर्सनने त्यावर उपाय काढला तो मोटरमधूनच. शिवणयंत्र पायाने चालवण्याऐवजी त्याला मोटर जोडता येते, दंतवैद्याचं भोक पाडायचं यंत्र मोटरवर चालतं, आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या पोटात मोटर बसते. पुढे केस वाळवण्याचं यंत्र, पाण्याचा पंप, कारागिराची विजेवरची हत्यारं. यातल्या बहुतेक वस्तूंवर एमर्सनचं नाव गिऱ्हाइकाला दिसतही नव्हतं. नाव दिसे ते पंख्यावर. दुसरे कारखानदार मोटर मागवायला येत तेव्हा पंख्याची हमी त्यांच्या कानावर आलेली असे. पंखा हा या घराण्याचा दर्शनी दिवाणखाना होता, स्वयंपाक मागे वेगळाच शिजत होता.

सेंट लुईस या धंद्याचं ठाणंच बनलं. वॅग्नर इलेक्ट्रिक आणि सेंच्युरी इलेक्ट्रिक हे छोट्या मोटरींचे आणखी दोन नावाजलेले कारखाने याच शहरात होते. तिघांचंही दुखणं एक. मोठ्या दोघांशी टक्कर द्यायची तर किंमत खाली ठेवावी लागे, आणि किंमत खाली ठेवायची तर मजुरी खाली ठेवावी लागे. वाइंडिंगच्या बारीक कामाला बायका घेतल्या जात, आणि त्यांना पुरुषांहून कमी पैसे मिळत.

1930च्या दशकातल्या महामंदीत बाजार आटला. कंपनीने एकीकडे ‘नॉर्थविंड’सारखे स्वस्त पंखे विकले, दुसरीकडे ‘सिल्व्हर स्वॅन’ नावाचा एक देखणा पंखा आणला. निमुळती वळणदार मान, बोटीच्या पंख्यासारखी ॲल्युमिनियमची पाती. पितळ आणि बिडाच्या पंख्यांपुढे तो वेगळ्याच युगातला वाटे. आज संग्राहक त्याच्यावर जीव टाकतात. पण एका सुंदर पंख्याने मंदी हटत नाही.

मार्च 1937 मध्ये कामगारांनी काम थांबवलं आणि ते कारखान्यातून बाहेर पडलेच नाहीत. विजेच्या कामगारांच्या युनायटेड इलेक्ट्रिकल या संघटनेचा तरुण नेता विल्यम सेंटनर त्यांच्यामागे उभा होता. हा ठिय्या 53 दिवस चालला. अमेरिकेच्या कामगार इतिहासातल्या सर्वांत लांबलेल्या ठिय्या संपांमध्ये त्याची गणना होते. युनियनला मान्यता द्यावी लागली. स्वस्त मजुरीवर स्वस्त मोटर विकण्याचा जुना हिशेब यापुढे तसाच चालणार नव्हता.

पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, स्टुअर्ट सिमिंग्टन नावाचा सदतीस वर्षांचा कारखानदार कंपनीचा प्रमुख म्हणून आला. सेंटनर उघड कम्युनिस्ट, सिमिंग्टन श्रीमंतांच्या वर्तुळातला. दोघांचं जमणार नाही असंच कुणालाही वाटलं असतं. सिमिंग्टनने युनियनशी भांडण उकरण्याऐवजी बोलणी केली आणि नफ्यात कामगारांना वाटा देण्याची योजना आणली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि पंख्यांचा कारखाना विमानांच्या शस्त्रांकडे वळला. बॉम्बर विमानावर बसवायचं फिरतं बंदुकघर, म्हणजे टरेट, नेमक्या वेगाने फिरवायला आणि थांबवायला मोटरवर हुकमत लागते. एमर्सनकडे ती होती. बी-24 बॉम्बरच्या नाकावरचे टरेट तिने मोठ्या संख्येने बनवले, आणि युद्धकाळात विमानांवरची अशी शस्त्रसामग्री बनवणारा जगातला सर्वांत मोठा कारखाना म्हणून तिची गणना झाली. सिमिंग्टन पुढे 1947 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाचा पहिला मंत्री झाला, आणि नंतर मिसुरीचा सेनेटर म्हणून चोवीस वर्षांच्या आसपास वॉशिंग्टनमध्ये राहिला.

युद्ध संपल्यावर कंपनीपुढे पुन्हा जुनाच प्रश्न: आता काय विकायचं? पंखा हे त्याचं उत्तर राहिलेलं नव्हतं. 1950च्या दशकात अमेरिकन घरांच्या खिडक्यांत एअर कंडिशनर बसू लागले. पंखा ही गरिबाची, किंवा जुन्या घराची, वस्तू ठरू लागली. 1954 मध्ये बक पर्सन्स प्रमुख झाले आणि त्यांनी दुसऱ्या कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावला. 1973 मध्ये ते निवृत्त झाले तोपर्यंत 36 कंपन्या एमर्सनमध्ये आल्या होत्या, कारखाने 82, कामगार 31,000, आणि वर्षाची विक्री 80 कोटी डॉलर. नळजोडणीची हत्यारं, मोरीतलं खरकटं दळणारं यंत्र, थर्मोस्टॅट असा नाना तऱ्हेचा माल. तेलटंचाईच्या 1970च्या दशकात विजेची काटकसर सुरू झाली, छताचे पंखे अमेरिकेत पुन्हा शोभेचे आणि सोयीचे ठरले, आणि एमर्सननेही त्यांत पुन्हा हात घातला. पण आता पंखा तिच्या पसाऱ्यातला बारका माल होता. कधीकाळी जनरल इलेक्ट्रिककडे जे पाहून एमर्सनवाले नाक मुरडत असतील, तेच आता त्यांच्या घरी आलं होतं.

1986 मध्ये एमर्सनने कोपलँड विकत घेतली. कोपलँड म्हणजे फ्रिज आणि एअर कंडिशनरचे कॉम्प्रेसर. पंख्याला ज्याने घराबाहेर काढलं त्याच यंत्राचं हृदय आता पंख्याच्या जुन्या मालकाच्या ताब्यात आलं. महाराष्ट्राशी कंपनीचा धागा जुळतो तो इथे. 1990च्या दशकात किर्लोस्कर आणि कोपलँड यांच्या भागीदारीत कराडला कॉम्प्रेसरचा कारखाना चालत होता, आणि पुढे तो एमर्सनकडे गेला. सातारा जिल्ह्यातल्या ज्या तरुणांनी तिथे नोकरी केली, त्यांच्या पगारपत्रकावरच्या नावाची मुळं सेंट लुईसच्या पितळी पंख्यांत होती.

त्यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण तो विक्रीचा आहे. 2010 मध्ये एमर्सनने आपला मोटरचा मोठा धंदा जपानच्या निडेक कंपनीला दिला. ज्या मोटरसाठी मेस्टन बंधू कर्नल एमर्सनकडे गेले होते, ती गेली. 2023 मध्ये कॉम्प्रेसरच्या धंद्यातला बहुसंख्य हिस्सा ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीकडे गेला आणि तो कोपलँड या जुन्या नावाने वेगळा चालू लागला. एमर्सन आता कारखाने आपोआप चालवणारी नियंत्रणं आणि सॉफ्टवेअर विकते.

मुंबईत याच्या नेमकं उलट घडलं. 1937 मध्ये त्या कर्नल क्रॉम्प्टनचं नाव लावणाऱ्या क्रॉम्प्टन पार्किन्सन कंपनीचा कारखाना मुंबईत उभा राहिला. स्वातंत्र्याच्या सुमाराला धंदा उद्योगपती करमचंद थापर यांच्याकडे आला, आणि 1966 मध्ये ‘क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज’ हे नाव रूढ झालं. ट्रान्सफॉर्मर आणि मोठ्या मोटरी ही कंपनीची प्रतिष्ठा, पंखे हा तिचा घरोघरचा चेहरा. 2015 मध्ये पंखे, दिवे आणि पंपांचा धंदा वेगळा काढायचं ठरलं. तेव्हा क्रॉम्प्टन हे नाव पंख्यांबरोबर गेलं, आणि मूळ कंपनीला 2017 मध्ये सीजी पॉवर हे नवं नाव घ्यावं लागलं. अमेरिकेत एअर कंडिशनरने पंखा हटवला. भारतात मात्र विजेची बिलं आणि लांबलेला उन्हाळा यांनी पंख्याला कधी मरू दिलं नाही. म्हणून एमर्सन पंखा सोडून मोठी झाली, आणि क्रॉम्प्टनच्या नावाची किंमत पंख्यामुळे वाढली. दोन्ही निर्णय आपापल्या हवेला धरून होते.

आज जुन्या एमर्सन पंख्यांचा इतिहास जपलाय तो मुख्यतः हौशी संग्राहकांनी. अमेरिकेत त्यांची संघटना आहे, इंडियाना राज्यातल्या झायन्सव्हिल गावात जुन्या पंख्यांचं संग्रहालय उभं राहिलं. कोणता नमुना कोणत्या काळातला, पितळी पाती कधी गेली, जाळी कधी दाट झाली, हे सगळं या मंडळींनी लावलं ते जुने कॅटलॉग आणि पंख्याच्या बैठकीवरची पट्टी वाचून. त्या पट्टीवर नमुन्याचा क्रमांक असतो, व्होल्ट असतात, सायकल असतात, कधी पेटंटच्या तारखाही असतात.

आपल्याकडे असं काम जवळपास झालेलंच नाही. गिरगावच्या चाळींत, पुण्याच्या वाड्यांत, पणजी-मडगावच्या जुन्या घरांत क्रॉम्प्टन, जीईसी, उषा, ओरिएंट, रॅलीफॅन, क्वचित इटलीच्या मारेल्लीचेही जुने पंखे अजून फिरताहेत. पुनर्विकासात घर रिकामं झालं की ते किलोच्या भावाने भंगारात जातात, कारण बिडाला आणि तांब्याच्या तारेला भाव असतो. पंखा ठेवायला जागा नसेल तर निदान त्याच्या पट्टीचा एक स्पष्ट फोटो काढा, तो कुणी, कधी, कोणत्या दुकानातून आणला हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि पावती किंवा हमीपत्र सापडलं तर ते फाडू नका. आपल्या पंख्यांच्या धंद्याचा इतिहास कुणी लिहायला बसलं, तर सुरुवात याच कागदांपासून करावी लागेल.